दुप्पट भरपाई : विमा, खून आणि निनावी मृत

विमा ही अनिश्चिततेशी सामना करण्यासाठी माणसाने शोधून काढलेली एक सुसंस्कृत युक्ती होय. एकाच्या घरावर कोसळणारे संकट हजारांनी थोडे थोडे वाटून घ्यावे, म्हणजे ते कोणालाच असह्य होत नाही, एवढेच तिचे सार. परंतु ज्या करारामुळे एखाद्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या कुटुंबाला आधार मिळतो, त्याच करारामुळे त्याच्या मृत्यूला एक किंमतही प्राप्त होते. ही किंमत कागदावर लिहिलेली असते आणि ती कोणाच्या हाती पडावयाची हेही लिहिलेले असते. विम्यासंबंधीचे अनेक कायदे आणि विम्यावर रचलेल्या बहुतेक गुन्हेकथा ह्या एकाच वस्तुस्थितीतून जन्माला आल्या आहेत.

अशा कथांमध्ये बिली वाइल्डर यांनी दिग्दर्शित केलेला ‘डबल इन्डेम्निटी’ हा १९४४ सालचा अमेरिकन चित्रपट अग्रगण्य मानला जातो. त्यानंतर ऐंशी वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बेंगळूरुजवळच्या होसकोटे येथील एका व्यापाऱ्याचे प्रकरण वृत्तपत्रांत आले, तेव्हा अनेकांना चित्रपटाची आठवण व्हावी असाच त्यातील आरोपांचा तपशील होता. ह्या प्रकरणात प्रथम विम्याचे तत्त्व, नंतर चित्रपट आणि अखेरीस ही प्रत्यक्ष घटना, असा क्रम ठेवला आहे. तिन्ही ठिकाणी एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो : मेलेला माणूस कोण होता?

विम्याचे गणित

एक साधे उदाहरण घेऊ. एकाच वयाच्या एक हजार माणसांनी असे ठरविले की, वर्षभरात आपल्यापैकी जो मरण पावेल त्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये द्यावयाचे. मागील अनुभवावरून हजारांमध्ये वर्षाला पाच मृत्यू होतात असे दिसले, तर पाच लाख रुपयांची तरतूद करावी लागेल आणि प्रत्येकाच्या वाट्याला पाचशे रुपये येतील. कोणता माणूस मरेल हे कोणालाच ठाऊक नाही. किती मरतील हे मात्र बऱ्याच अंशी सांगता येते. व्यक्तीविषयीचे अज्ञान आणि समूहाविषयीचे ज्ञान, ह्या दोन पायांवर विमा उभा असतो. वयानुसार हप्ता आकारण्याची शास्त्रीय पद्धत प्रथम लंडनच्या इक्विटेबल सोसायटीने १७६२ पासून अवलंबिली. भारतात बॉम्बे म्युच्युअल ही संस्था १८७० साली आणि ओरिएन्टल ही कंपनी १८७४ साली मुंबईत स्थापन झाली. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण होऊन दोनशे पंचेचाळीस संस्थांचा कारभार आयुर्विमा महामंडळाकडे आला. २००० सालापासून हे क्षेत्र खाजगी कंपन्यांसाठी पुन्हा खुले झाले.

हे गणित एका गृहीतावर अवलंबून असते. मृत्यू आपोआप यावा. ज्याला त्यापासून लाभ व्हावयाचा आहे त्याने तो घडवून आणू नये. एकाही सभासदाने हे गृहीत मोडले, तर त्या सभासदापुरता विमा हा विमा राहत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अनोळखी माणसांच्या, इतकेच नव्हे तर आजारी पडलेल्या नामवंतांच्या आयुष्यावरही लोक विमा उतरवीत आणि त्यांच्या मरणाची वाट पाहत. हा जुगार थांबविण्यासाठी १७७४ साली पार्लमेंटने कायदा केला. ज्याच्या जगण्यात आपले काही हित आहे, त्याच्याच आयुष्याचा विमा आपणास उतरविता येईल, असे तत्त्व त्यातून रूढ झाले. पतीला पत्नीच्या आणि पत्नीला पतीच्या जगण्यात असे हित आहे, हे कायदा गृहीतच धरतो. त्यासाठी पुरावा मागत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. कायद्याने सर्वांत अधिक विश्वास ज्या नात्यावर ठेवला, नेमक्या त्याच नात्याचा आधार पुढे येणाऱ्या गुन्ह्यांत घेतलेला दिसतो.

दुसरे तत्त्व परम सद्भावाचे. विमा घेणाऱ्याने स्वतःविषयीची कोणतीही महत्त्वाची गोष्ट लपवू नये, अशी अपेक्षा असते. कारण कंपनीला त्याच्या घरात डोकावता येत नाही. तिसरे तत्त्व असे की, मारेकऱ्याला आपल्या कृत्याचे फळ मिळता कामा नये. १८८९ साली पतीला विष दिल्याबद्दल दोषी ठरलेल्या फ्लॉरेन्स मेब्रिक हिला त्याच्या विम्याची रक्कम घेण्यास इंग्लंडच्या न्यायालयाने १८९२ साली अपात्र ठरविले. भारतातही १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याचे पंचविसावे कलम खून करणाऱ्याला मृताचा वारसा नाकारते.

आता ‘दुप्पट भरपाई’ म्हणजे काय ते पाहू. नैसर्गिक मृत्यूपेक्षा अपघाती मृत्यू पुष्कळच विरळा. त्यामुळे अपघाताने मृत्यू आल्यास दुप्पट रक्कम देण्याचे आश्वासन कंपनीला अल्पशा जादा हप्त्यात देता येते. आपल्याकडील विमापत्रांतही अशा दुप्पट अपघात लाभाची सोय असते. मृत्यूचा प्रकार जितका दुर्मीळ, तितके हे आश्वासन कंपनीला स्वस्त पडते. परंतु दुर्मीळ घटना घडली की तिच्याकडे लक्षही अधिक जाते. ‘डबल इन्डेम्निटी’ ची सर्व कथा ह्या दुधारी नियमावर तोललेली आहे.

खऱ्या खुनापासून कथेपर्यंत

२० मार्च १९२७ रोजी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात अल्बर्ट स्नायडर ह्या मासिकाच्या कला-संपादकाचा त्याच्या घरात खून झाला. त्याची पत्नी रूथ आणि तिचा प्रियकर, कॉर्सेट विकणारा फिरता विक्रेता जड ग्रे, ह्या दोघांनी तो केल्याचे लवकरच उघड झाले. पतीच्या नकळत त्याच्या आयुष्यावर मोठ्या रकमेचा विमा उतरविण्यात आला होता आणि त्यात अपघाती मृत्यूस दुप्पट रक्कम देण्याची अट होती. दोघांनाही १२ जानेवारी १९२८ रोजी सिंग सिंग तुरुंगात विद्युतखुर्चीवर मृत्युदंड देण्यात आला. एका वृत्तपत्र छायाचित्रकाराने घोट्याला बांधलेल्या छुप्या कॅमेऱ्याने रूथच्या मृत्यूचे छायाचित्र टिपले आणि ते दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर झळकले. मारेकरी स्त्रीचे शेवटचे क्षण लक्षावधी लोकांनी पाहिले. अल्बर्ट स्नायडर कसा होता, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये पत्रकारिता करणारे जेम्स एम. केन यांनी ह्या खटल्याच्या आधारे एक लघुकादंबरी रचली. ती १९३६ साली ‘लिबर्टी’ साप्ताहिकातून क्रमशः आणि १९४३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. केन यांनी केलेला महत्त्वाचा बदल असा की, प्रियकराला त्यांनी विमा कंपनीचाच प्रतिनिधी केले. त्यामुळे मत्सर आणि लोभ ह्यांची जुनी कहाणी एका व्यवसायाची कहाणी झाली. वर्षानुवर्षे ग्राहकांच्या लबाड्या पाहिलेल्या माणसाला, आपण ही लबाडी सर्वांहून सफाईने करू शकू, असा मोह पडतो.

ह्या कथेवर चित्रपट काढणे सोपे नव्हते. हॉलिवुडच्या निर्मात्यांनी स्वतःवर घालून घेतलेली एक आचारसंहिता होती आणि तिची अंमलबजावणी करणाऱ्या कार्यालयाने १९३५ सालीच ह्या कथेला प्रतिकूल अभिप्राय दिला होता. पॅरामाउंट कंपनीसाठी वाइल्डर यांनी हे काम पुन्हा हाती घेतले, तेव्हा त्यांचे नेहमीचे सहलेखक चार्ल्स ब्रॅकेट यांनी अंग काढून घेतले. त्यांच्या जागी गुप्तहेरकथांचे लेखक रेमंड चँडलर आले. दोघांचे पटले नाही. पटकथा मात्र उत्तम वठली.

वाइल्डर यांचा जन्म १९०६ साली तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात झाला. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांनी बर्लिन सोडले आणि ते पॅरिसमार्गे अमेरिकेत पोहोचले. मध्य युरोपातून आलेल्या अशा अनेक कलावंतांनी हॉलिवुडमध्ये छायाप्रकाशाची एक गडद शैली रुजविली. युद्ध संपल्यावर हे चित्रपट एकदम फ्रान्समध्ये दाखल झाले, तेव्हा १९४६ साली तेथील समीक्षकांनी त्यांना ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. ‘डबल इन्डेम्निटी’ हा त्यांतील आदर्श नमुना समजला जातो.

चित्रपटाचे कथानक

चित्रपटाची सुरुवात शेवटापासून होते. १९३८ च्या जुलै महिन्यातील एका रात्री लॉस एंजलिस येथील पॅसिफिक ऑल रिस्क विमा कंपनीच्या ओस पडलेल्या कार्यालयात वॉल्टर नेफ हा प्रतिनिधी जखमी अवस्थेत येतो. श्रुतलेखनाच्या यंत्रापुढे बसून तो आपला सहकारी बार्टन कीज याला उद्देशून कबुलीजबाब देऊ लागतो. आपण खून केला, पैशासाठी आणि एका स्त्रीसाठी केला, आणि दोन्ही हाती लागली नाहीत, हे तो आरंभीच सांगून टाकतो. त्यामुळे खुनी कोण हा प्रश्न प्रेक्षकाला पडतच नाही. सर्व लक्ष ‘हे कसे घडत गेले’ ह्यावर खिळून राहते.

मोटारीच्या विम्याचे नूतनीकरण करण्यासाठी नेफ हा डीट्रिक्सन नावाच्या तेल-व्यावसायिकाच्या घरी जातो. मालक घरी नसतो. त्याची दुसरी पत्नी फिलिस भेटते. बोलता बोलता ती विचारते की, पतीला न सांगता त्याचा अपघात विमा उतरविता येईल काय? प्रश्नाचा अर्थ नेफला तत्काळ कळतो आणि तो रागाने निघून जातो. पण ती कल्पना त्याचा पिच्छा सोडीत नाही. पुढे तोच योजना आखतो. मोटारीच्या विम्याचे कागद म्हणून दुसऱ्याच अर्जावर पतीची सही घेतली जाते. विमा पन्नास हजार डॉलरचा. रेल्वेतील अपघाताने मृत्यू आल्यास एक लाख. तेव्हा मृत्यू रेल्वेतच यावयास हवा, असा नेफचा आग्रह असतो.

मध्यंतरी डीट्रिक्सनचा पाय मोडतो आणि तो कुबड्यांवर चालू लागतो. तो महाविद्यालयाच्या मेळाव्यासाठी निघतो, त्या रात्री फिलिस त्याला मोटारीने स्थानकाकडे नेते. मागच्या आसनाखाली दडलेला नेफ वाटेत त्याला ठार मारतो आणि मग स्वतः कुबड्या घेऊन, डीट्रिक्सन म्हणून, गाडीत चढतो. शेवटच्या डब्याच्या मागील सज्जावरून तो मंद चालीच्या गाडीतून उतरतो आणि दोघे मिळून प्रेत रुळावर ठेवतात. एक माणूस मेल्यावरही काही मिनिटे जिवंत ‘दिसतो’, कारण दुसरा माणूस त्याच्या नावाने वावरत असतो. ही अदलाबदल नीट लक्षात ठेवावी. पुढील विवेचनात ती पुन्हा येणार आहे.

कीजचा तर्क

एडवर्ड जी. रॉबिन्सन यांनी रंगविलेला बार्टन कीज हा कंपनीचा दावे तपासणारा अधिकारी. कंपनीचा अध्यक्ष हा मृत्यू आत्महत्या ठरवून पैसे वाचवू पाहतो, तेव्हा कीज त्याची चांगलीच हजेरी घेतो. आत्महत्यांच्या आकडेवारीचे खंडच्या खंड कंपनीकडे आहेत : वय, व्यवसाय, ऋतू, वेळ, विषाचा प्रकार, उडी मारण्याची जागा, अशी सारी वर्गवारी त्यांत आहे. परंतु चालत्या गाडीच्या मागील टोकावरून, तीही इतकी सावकाश चाललेली असताना, उडी मारून जीव दिल्याचे एकही उदाहरण त्यांत नाही. हा प्रसंग विनोदी आहे, पण त्यात विमाशास्त्राचे मर्म आले आहे. आकडेवारी एका माणसाविषयी काहीच सांगत नाही. पण काय संभवनीय नाही, हे ती ठणकावून सांगते.

नेफ सुटकेचा निःश्वास सोडतो, तोच कीजचे मन दुसरीकडे वळते. ज्याने अपघाताचा विमा घेतला आणि ज्याचा पाय मोडला, त्याने पायाबद्दल भरपाई का मागितली नाही? ह्याचे एकच समाधानकारक उत्तर संभवते : आपला विमा उतरविलेला आहे हे त्या माणसाला ठाऊकच नव्हते. दुप्पट रकमेच्या हव्यासाने निवडलेला दुर्मीळ मृत्यू संशय जागा करतो आणि न मागितलेली एक छोटी रक्कम तो पक्का करते. गाडीत भेटलेला प्रवासी छायाचित्र पाहून, आपण पाहिलेला माणूस हा नव्हे, असेही सांगतो. मात्र त्या माणसाच्या जागी कोण होता हे कीजला अखेरपर्यंत दिसत नाही, कारण तो त्याचा जवळचा मित्र असतो. चित्रपटभर नेफ कीजची सिगार पेटवून देतो. शेवटी नेफ दारात कोसळतो तेव्हा कीज काडी ओढून त्याची सिगारेट पेटवितो. नेफला वायुकोठडीत मृत्युदंड दिला जातो असा प्रसंगही चित्रित केला होता. वाइल्डर यांनी तो गाळला. दोन मित्रांमधील हा छोटासा व्यवहार त्याहून परिणामकारक आहे, हे त्यांनी ओळखले असावे.

फ्रेड मॅकमरी आणि बार्बरा स्टॅनविक यांचा अभिनय, मिक्लोश रोझा यांचे अस्वस्थ करणारे संगीत आणि जॉन एफ. साइट्झ यांचे छायाचित्रण, ह्या सर्वांचा चित्रपटाच्या यशात वाटा आहे. खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांतून येणाऱ्या उन्हाने पात्रांच्या अंगावर गजांसारख्या सावल्या पडतात. बंद घरातील हवेत धूळ तरंगताना दिसावी म्हणून धातूचे बारीक कण उडविले गेले. चित्रपटाला ऑस्करची सात नामांकने मिळाली, पारितोषिक मात्र एकही मिळाले नाही. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला. त्याचे वारस अनेक आहेत. १९८१ चा ‘बॉडी हीट’ आणि २००३ चा हिंदी ‘जिस्म’ हे त्यांपैकी दोन.

चौकटीबाहेरचा मृत्यू

खुनाचा प्रसंग मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. आचारसंहितेनुसार हत्येचा तपशील दाखविता येत नव्हता. म्हणून मागून हात पुढे येतात त्या क्षणी कॅमेरा फिलिसच्या चेहऱ्याकडे वळतो आणि तेथेच थांबतो. ती रस्त्याकडे पाहत मोटार चालवीत राहते. शेजारी एक माणूस मरतो आहे, पण तो पडद्यावर नाही. चित्रपटकलेच्या दृष्टीने हा प्रसंग असामान्य आहे. बंधनातून शोधलेली ती एक मोठी युक्ती आहे. परंतु तिचा एक परिणाम असा की, मरणारा माणूस स्वतःच्याच मृत्यूच्या चौकटीबाहेर राहतो.

हे केवळ ह्या प्रसंगापुरते नाही. सबंध चित्रपटात डीट्रिक्सन फार थोडा वेळ दिसतो आणि जेव्हा दिसतो तेव्हा तो चिडखोर व रूक्ष वाटतो. पुढे प्रेक्षकाची अवस्था विलक्षण होते. प्रेत रुळावर ठेवून दोघे परत येतात आणि मोटार काही केल्या चालू होत नाही, तेव्हा ती चालू व्हावी असेच पाहणाऱ्याला वाटते. आपण मारेकऱ्यांच्या बाजूने श्वास रोखून बसलो होतो, हे त्याला नंतर उमजते. मृताविषयी खरे दुःख करणारी एकच व्यक्ती चित्रपटात आहे, ती म्हणजे त्याची मुलगी लोला. तिच्या सहवासातच नेफला आपल्या कृत्याचे स्वरूप प्रथम जाणवते आणि तिच्या निरपराध मित्राला अडकविण्याचा बेत तो अखेर सोडून देतो. डीट्रिक्सन हा केवळ विमापत्रावरील एक सही नव्हता, तो कोणाचा तरी पिता होता, हे लोलामुळे उशिरा का होईना कळते.

होसकोट्याचे प्रकरण

होसकोटे हे बेंगळूरु ग्रामीण जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, बेंगळूरुच्या पूर्वेला कोलारकडे जाणाऱ्या जुन्या मद्रास रस्त्यावर आहे. कन्नड भाषेत ‘होस कोटे’ म्हणजे नवा किल्ला. मराठी वाचकांना हे नाव अगदीच अपरिचित नसावे. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळूरु, कोलार ह्यांच्याबरोबर होसकोट्याचाही समावेश होता आणि ऑगस्ट १७६८ मध्ये येथेच हैदर अलीने मुरारराव घोरपडे यांच्या छावणीवर रात्री छापा घातला होता. आज महामार्ग आणि कारखाने ह्यांमुळे गाव वाढले आहे. मालमोटारींची अखंड वर्दळ असलेल्या अशा गावात टायरचा व्यवसाय स्वाभाविकच चालतो. ह्या प्रकरणातील व्यापारी हाच व्यवसाय करीत होता.

ऑगस्ट २०२४ मध्ये हासन जिल्ह्यातील गंडसी पोलीस ठाण्याच्या हद्दीत रस्त्यावर एक अपघात झाल्याची नोंद झाली. मालमोटारीखाली सापडून एक मोटारस्वार मरण पावला, असे वरकरणी दिसत होते. पत्नीने प्रेत आपल्या पतीचे म्हणून ओळखले आणि अंत्यविधीही उरकण्यात आला. पुढे पोलिसांनी सांगितले ते असे : कर्जात बुडालेल्या व्यापाऱ्याने विम्याची रक्कम मिळविण्यासाठी स्वतःच्या मृत्यूचा बनाव रचला; आपल्यासारख्या दिसणाऱ्या एका गरीब माणसाला त्याने मोटारीतून बरोबर नेले; चाक पंक्चर झाल्याचे सांगून त्याला चाक बदलावयास लावले आणि त्याच वेळी आधी ठरविल्याप्रमाणे आलेली मालमोटार त्याच्या अंगावरून गेली. ह्या कटात पत्नी सामील होती, असाही पोलिसांचा आरोप आहे. व्यापारी नंतर मदतीसाठी नात्यातील एका पोलीस अधिकाऱ्यापुढे जाऊन उभा राहिला आणि ‘मेलेला’ माणूस जिवंत पाहून अधिकाऱ्याने पुढील हालचाल केली. ही सर्व हकीकत पोलिसांच्या सांगण्यावर आधारलेली आहे. दोषनिश्चिती हे न्यायालयाचे काम होय.

चित्रपट आणि हे प्रकरण ह्यांची तुलना उद्बोधक आहे. चित्रपटात जिवंत माणूस मृताचे नाव घेऊन गाडीत चढतो. येथे, आरोपाप्रमाणे, जिवंत माणसाने आपले नाव मृताला दिले आणि आपण नाहीसा झाला. दोन्ही ठिकाणी नाव एकाचे आणि शरीर दुसऱ्याचे. चित्रपटातील मारेकऱ्यांना विमा उतरविलेला माणूसच मारावा लागला. येथे विमा एकाच्या आयुष्यावर होता आणि आयुष्य दुसऱ्याचे गेले. ज्याच्या जगण्याची किंमत कोणत्याही कागदावर लिहिलेली नव्हती, असा माणूस त्यासाठी निवडण्यात आला.

उघडकीस येण्याची तऱ्हाही निराळी. अपघाती मृत्यूच्या दाव्यासाठी प्रथम माहिती अहवाल, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि मृत्यूचा दाखला, इतके कागद लागतात. पण ह्या सर्व कागदांच्या मुळाशी एक वाक्य असते : ‘हे प्रेत माझ्या माणसाचे आहे.’ चेहरा छिन्नविच्छिन्न झाला असेल, तर ह्या वाक्याचे वजन आणखी वाढते. दुःखात असलेल्या पत्नीवर अविश्वास दाखविणे कोणालाही प्रशस्त वाटत नाही. विम्याचा कायदा ज्या नात्यावर विसंबतो, त्याच नात्यावर पोलिसांचा पंचनामाही विसंबतो. चित्रपटात आकडेवारीने जे केले, ते येथे ओळखीने केले : ज्याला मृत समजले होते त्याचा चेहरा ओळखणारा माणूस भेटला.

अशीच आणखी दोन प्रकरणे

हे प्रकरण एकाकी नाही. महाराष्ट्रात, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूर येथे, एप्रिल २०२१ मध्ये सर्पदंशाने एक मृत्यू झाल्याची नोंद झाली. मृत म्हणून ज्याचे नाव लिहिले गेले, तो अनेक वर्षे अमेरिकेत राहून परतलेला होता आणि त्याचा पन्नास लाख डॉलरचा विमा तेथील कंपनीकडे होता. कंपनीने दाव्याची चौकशी करविली. विमाधारक जिवंत असल्याचे आढळले आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये पोलिसांनी त्याला साथीदारांसह अटक केली. एका मनोरुग्ण, निराधार माणसाला नागाचा दंश करवून मारण्यात आले, असा पोलिसांचा आरोप आहे. येथेही मृत्यूचा दुर्मीळ प्रकार, मोठी रक्कम आणि नात्याने पटविलेली ओळख, हे तीनही घटक आढळतात.

ह्या प्रकारचे भारतातील सर्वांत गाजलेले प्रकरण केरळातील. जानेवारी १९८४ मध्ये मावेलिक्करा येथे एका जळालेल्या मोटारीत प्रेत सापडले. ते मोटारीचा मालक, आखाती देशात नोकरी करणारा सुकुमार कुरूप, याचे असावे असे प्रथम वाटले. तपासात ते चाको नावाच्या तरुणाचे असल्याचे निष्पन्न झाले. चाको हे एका चित्रपट वितरण संस्थेचे प्रतिनिधी होते. त्या रात्री घरी परतण्यासाठी वाहनाची वाट पाहत असता त्यांना मोटारीत घेण्यात आले होते. विम्याच्या रकमेसाठी रचलेल्या ह्या कटातील दोघांना जन्मठेप झाली. कुरूप मात्र कधीच हाती लागला नाही. ह्या विषयावर ‘एन. एच. ४७’ हा मल्याळम चित्रपट त्याच वर्षी आणि ‘कुरूप’ हा चित्रपट २०२१ साली निघाला. दुसऱ्याला तर फरारी माणसाचेच नाव मिळाले.

उपसंहार

‘डबल इन्डेम्निटी’ हा चित्रपट लोभाचा शेवट दाखवितो, असे सामान्यतः म्हटले जाते आणि ते खरेही आहे. पण त्याचा अभ्यास विम्याच्या अंगाने केला, म्हणजे त्याहून खोल अर्थ हाती लागतो. विमा ही विश्वासाची संस्था आहे. हप्ता भरणारा प्रत्येक जण, आपण ज्यांना पाहिलेलेही नाही अशा हजारो माणसांच्या दुःखाचा वाटा उचलीत असतो. खोटा दावा म्हणजे कंपनीचे नुकसान, एवढाच विचार केला तर तो अपुरा ठरतो. कारण फसवणुकीने गेलेला पैसा शेवटी ह्या हजारांच्याच हप्त्यांतून वसूल होतो आणि प्रामाणिक विधवेच्या दाव्याकडेही संशयाने पाहिले जाऊ लागते. ह्या दोन बाजूंचा तोल कायद्याला सांभाळावा लागतो. आपल्या विमा कायद्याच्या पंचेचाळिसाव्या कलमात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, आयुर्विमापत्राला तीन वर्षे झाल्यावर कोणत्याही कारणास्तव आक्षेप घेता येत नाही. संशयालाही मुदत असावी, हा त्यामागील विचार. त्या मुदतीच्या आत येणारे दावे साहजिकच अधिक बारकाईने तपासले जातात.

तथापि सर्वांत मोठी हानी जी होते ती कोणत्याही हिशेबात येत नाही. हजारांच्या समूहात सामील होण्यासाठी नाव, पत्ता, वय आणि हप्ता द्यावा लागतो. ज्याच्याजवळ ह्यांपैकी काही नाही, तो समूहाच्या बाहेर राहतो. तो नाहीसा झाला तर तक्रार नोंदविणारा कोणी नसतो, म्हणूनच त्याच्यावर नजर जाते. होसकोट्याच्या घटनेत व्यापाऱ्याच्या नावाने अंत्यविधी झाला, मृत्यूची नोंद झाली, नातेवाईकांनी शोक केला. पण प्रत्यक्षात जो मेला होता त्याच्यासाठी त्या दिवसांत कोणी रडले नाही, कारण तो मेला आहे हेच कोणाला माहीत नव्हते. आरंभीच्या बातम्यांतही व्यापाऱ्यासारखा दिसणारा माणूस, एवढीच त्याची ओळख होती.

म्हणून अशा प्रत्येक प्रकरणात तपास करणाऱ्याने, आणि अशी कथा पाहणाऱ्या वा वाचणाऱ्यानेही, दोन प्रश्न विचारावयास हवेत. ह्या मृत्यूने लाभ कोणाचा होणार होता, हा पहिला प्रश्न. तो बार्टन कीज विचारतो. मेलेला माणूस कोण होता आणि त्याची वाट कोण पाहत होते, हा दुसरा. तो चित्रपटात केवळ लोला विचारते. पहिल्या प्रश्नाच्या उत्तराने गुन्हेगार सापडतो. दुसऱ्याचे उत्तर मिळेपर्यंत न्याय मात्र अपुराच राहतो.